तात्पुरत्या मंजुरीचा हंगाम

सातवीण फुलली की आमच्या पिंपळे गुरवच्या रस्त्यावर संध्याकाळी एक उग्र, गोडसर वास दाटतो. पाऊस परतलेला असतो, दुपारचं ऊन कातडी भाजतं, आणि दिवेलागणीला पवना नदीकडून जरा गार वारा सुटतो तो हा वास घेऊन येतो. या वासाबद्दल लोकांचं एकमत नाही. आमच्या इमारतीतल्या कुणाचं डोकं दुखतं, कुणी मुद्दाम त्या झाडांखालून फिरायला जातं. मला तो आवडायचा. पहिल्या पाळीहून सुटून बसमधून उतरलो की अंगावरच्या तेलाच्या वासावर तो चढायचा आणि घर आलंसं वाटायचं. आता तो नकोसा वाटतो. यंदा परवा आला. मी मेथीची जुडी घेऊन घरी चाललो होतो, तो रस्त्याच्या कडेला थांबलो आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने मला कुठे जायचंय म्हणून विचारलं. मी मान हलवली.

ज्या ऑक्टोबरात अमेरिकेचं सरकार बंद पडलं आणि माझी लेक त्यात सापडली, तो ऑक्टोबर असा दरवर्षी परत येतो.

समता माझी एकुलती एक. मी पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, होतो. पुढे कारखाना चाकणला गेला आणि शेवटची काही वर्षं मी कंपनीच्या बसने चाकणला जाऊन-येऊन काढली. माझी बायको मंगल अंगणवाडीत सेविका होती. आमच्या दोघांच्या आईवडिलांत चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. समता इंजिनिअर झाली, पुढे शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथेच नोकरीला लागली. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी श्वास मोजणारी यंत्रं असतात, त्यांच्या आतला प्रोग्राम चुकत तर नाही ना, हे ती तपासायची. मी तिला म्हणालो होतो, म्हणजे आमच्यासारखं इन्स्पेक्शनच की. ती म्हणाली, हो पप्पा, तुमचंच काम, फक्त हात काळे होत नाहीत. सात वर्षं ती ते करत होती. तिच्या खिडकीत एक लिंबाचं झाड होतं कुंडीत, त्याला एकदा तीन लिंबं लागली तेव्हा तिने आम्हाला तिन्ही लिंबं कॅमेऱ्यासमोर एकेक करून दाखवली होती.

सप्टेंबरच्या मध्यात तिच्या कंपनीने तिचा सगळा विभागच बंद केला. हे तिने सकाळी सातच्या फोनवर सांगितलं. आमची सकाळ ही तिची रात्रीच्या जेवणानंतरची वेळ, म्हणून आमचा फोन रोज सातला. आवाज अगदी सपाट होता. मग तिने तिथला नियम सांगितला. परदेशातून आलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी शोधायची, आणि त्या कंपनीने त्याच्यासाठी सरकारात अर्ज घालायचा. साठ दिवसांत अर्ज गेला तर राहायचं. नाही गेला तर देश सोडायचा.

मंगल म्हणाली, साठ दिवस म्हणजे पुष्कळ झाले. मलाही तसंच वाटलं. साठ हा आकडा मोठा वाटतो.

समताने एक दिवस वाया घालवला नाही. सकाळी फोनवर बघावं तर तिच्यामागे भिंतीवर कंपन्यांची नावं लिहिलेले पिवळे कागद चिकटवलेले दिसायचे. जिथून नकार आला तो कागद ती काढून टाकायची. हळूहळू भिंत मोकळी होत गेली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका छोट्या कंपनीने तिला हो म्हटलं. त्या सकाळी ती हसत होती, केस धुतलेले होते. मंगलने पदर डोळ्याला लावला. मग समता म्हणाली, "फक्त एक अडचण आहे पप्पा. चार दिवसांपूर्वी इथलं सरकार बंद पडलंय."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

तिने समजावून सांगितलं. तिकडचं सरकारी वर्ष सप्टेंबरअखेरीला संपतं. पुढच्या वर्षाच्या खर्चाला संसदेने मंजुरी दिली नाही, तर ज्या खात्यांची मंजुरी अडली त्यांना काम थांबवावं लागतं. सगळं बंद होत नाही. विमानं उडतात, पोलीस असतात, तुरुंग चालू असतात. काही खात्यांना कुलूप लागतं. मजूर खातं त्या कुलूपबंद खात्यांत होतं. आणि समताच्या नव्या कंपनीला अर्ज घालण्याआधी त्याच खात्याचा एक दाखला लागत होता. हिला ठेवल्याने इथल्या कामगारांच्या पगारावर गदा येत नाही, एवढंच लिहिलेला दाखला. एरवी तो आठवड्याभरात मिळतो. आता तो मागायची वेबसाइटसुद्धा बंद होती. उघडली की एक पाटी दिसायची, निधीअभावी कामकाज थांबले आहे.

"मग कधी उघडणार?" मी विचारलं.

"दोन्ही पक्षांचं जमलं की. तात्पुरता कायदा करतात ते, थोड्या महिन्यांच्या खर्चापुरता. तेवढा पास झाला तरी खाती उघडतात."

तात्पुरता कायदा. त्या महिन्यात मी हे दोन शब्द किती वेळा उच्चारले असतील, मोजदाद नाही.

आमच्या इथे नदीकाठच्या बागेत रोज सकाळी माझ्यासोबत फिरायला बाळूअण्णा येतात. ते मूळचे गावातले, आताच्या इमारतींखाली त्यांची शेतं होती. माझ्यासोबत कारखान्यात बावीस वर्षं लेथवर होते. त्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते चालता चालता थांबले. म्हणाले, "सरकार बी बंद पडतंय व्हय? कंपनी बंद पडती, शाळा बंद पडती. सरकार न्हाई ऐकलं कधी." मग थोडं पुढे जाऊन म्हणाले, "मंजी आपल्यावानी टाळेबंदीच की."

त्यांनी तो शब्द काढला आणि मला एकदम आमचं गेट दिसलं.

समता पहिलीत होती तेव्हा आमच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. तोही असाच पावसानंतरचा काळ. सकाळी पाळीला गेलो तर गेटला साखळी आणि नोटीस चिकटवलेली. आम्ही समोरच्या मोकळ्या जागेत कापडी मांडव घातला आणि रोज तिथे बसायला लागलो. डबे घरून यायचे. जी पाळी असेल त्या वेळेला आम्ही तिथे हजर असायचो, जणू आतच चाललोय. बाळूअण्णा शेतावरून काकड्या आणायचे आणि मीठ लावून सगळ्यांना वाटायचे. मांडवाखाली धूळ, बिडीचा धूर, कापडातून गाळून आलेलं पिवळं ऊन. कुणी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं. मॅनेजरची गाडी आली की सगळे उठून उभे राहायचे. गाडी काचा वर करून निघून जायची, पण आम्ही तिला दिसलेलो असायचो. एकदा मंगल समताला घेऊन आली. समता गेटच्या गजांना धरून आत बघत राहिली आणि मला म्हणाली, पप्पा, आत कुणीच नाही, मग आपण का बाहेर? मी तिला काकडी दिली.

तेव्हाही मी हतबलच होतो. पण तेव्हा एक गेट होतं आणि त्याच्यासमोर बसता येत होतं. या वेळी कुठे बसायचं, हेच कळत नव्हतं. मतं देणारे हजारो मैलांवर. त्यांना मी दिसत नव्हतो. आणि समता तरी त्यांना कुठे दिसत होती? ती मतदार नव्हती. त्यांच्या भांडणात तिची बाजू नव्हती. त्यांचं भांडण भलत्याच गोष्टींवर होतं, दवाखान्याच्या विम्यावर, कशाकशावर. भांडणही खोटं नव्हतं, दोन्हीकडच्यांचं म्हणणं वाचलं की मला कधी याचं पटायचं, कधी त्याचं. फक्त मधल्या मध्ये ती वेबसाइट बंद होती.

मंगल मला विचारायची, "ते मत देतात तेव्हा त्यांना आपल्या समतासारख्यांचं माहीत असतं का?"

मी म्हणायचो, कुणीतरी सांगत असेल. ती म्हणायची, कोण सांगत असेल?

दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, आम्ही पांढरे कपडे घालून विहारात गेलो होतो. दरवर्षी जातो. खीर वाटण्याचं काम मंगलकडे असतं. तेव्हा सरकार बंद होऊन एक-दोन दिवसच झाले होते आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. ती हसतमुखाने वाट्या भरत होती. पुढे त्या सगळ्या महिन्यात ती रोज संध्याकाळी विहारात जाऊन बसायला लागली. वंदना झाल्यावरही बसून राहायची. मी न्यायला जायचो तेव्हा आत ट्यूबलाइटखाली ती एकटीच असायची, आणि सतरंजीच्या सुटलेल्या दोऱ्याला गाठ मारत असायची. काय मागतेस, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, आपल्यात मागायचं नसतं, तुम्हाला माहीत आहे. मग म्हणाली, नुसती बसते. घरी बसलं की कॅलेंडर दिसतं. दुसऱ्या दिवशी मी ते कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं.

मी काय करत होतो? सकाळी उठून पहिल्यांदा फोनवर बातमी बघायचो. तिथे दुपारी मतदान झालेलं असायचं, म्हणजे आमच्या झोपेत. वरच्या सभागृहात तो तात्पुरता कायदा पुन्हा मांडला, पुन्हा चार-पाच मतांनी पडला. आठवड्यातून कधी दोनदा, कधी तीनदा तेच. मला त्या सभागृहातले चेहरे ओळखू यायला लागले. कोण नक्की नाही म्हणणार, कोण डळमळीत आहे. पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांच्या घरात चहा पिता पिता मी एका परक्या राज्यातल्या म्हाताऱ्या खासदाराच्या चेहऱ्यावर आज काही निराळं दिसतंय का ते बघायचो. फिरायला गेलो की बाळूअण्णा विचारायचे, "उघडलं का तुमचं सरकार?" मी नाही म्हणायचो. आम्ही दोघे नेहमीच्या फेऱ्या पूर्ण करायचो.

एकदा मी पत्र लिहिलं. युनियनमध्ये होतो तेव्हा अर्ज-निवेदनं मीच लिहायचो, हात बसलेला होता. समता जिथे राहायची तिथल्या खासदाराचा पत्ता मी इंटरनेटवर शोधला. आधी मराठीत कच्चं लिहिलं, मग डिक्शनरी घेऊन दोन दिवस बसून त्याचं इंग्रजी केलं. मी एक निवृत्त कामगार आहे. माझी मुलगी तुमच्या गावात राहते. ती आजारी माणसांची यंत्रं तपासते. तिला एक कागद हवा आहे. तो देणाऱ्या माणसांना आपण घरी पाठवलं आहे. आपल्या वादात मला पडायचं नाही, फक्त ती खिडकी उघडावी. तळाशी मी माझं नाव, पत्ता आणि सवयीने कारखान्यातला जुना टोकन नंबरही लिहिला. मग तो खोडला आणि पाठवलं.

मिनिटाभरात उत्तर आलं. चष्मा शोधला. उत्तर आपोआप येणारं होतं. सरकारी कामकाज अंशतः बंद असल्यामुळे या कार्यालयातून उत्तर मिळण्यास विलंब होईल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

हे मी समताला सांगितलं नाही. पण मंगलने सांगून टाकलं. समता फोनवर म्हणाली, "पप्पा, मला ते पत्र पाठवा." मी पाठवलं. तिने त्यातल्या इंग्रजीच्या दोन चुका दुरुस्त करून मला परत पाठवलं. पुढे कधी लागलं तर, म्हणाली.

दिवाळी आली. आमच्या घरी दिवाळीचं काही नसतं, पण सगळी गल्ली माळांनी उजळते आणि फटाक्यांचा धूर खिडकीतून आत येतो. बाळूअण्णांच्या घरून दरवर्षीप्रमाणे फराळाचं ताट आलं. मावळात भात कापणी सुरू झाली होती. त्यांच्या बहिणीकडचा नवा इंद्रायणी तांदूळ आला, त्यातला पिशवीभर त्यांनी आम्हाला दिला. मंगलने तो शिजवला तेव्हा जिन्यापर्यंत वास गेला. एरवी नव्या तांदळाचा पहिला भात आम्ही काहीतरी मोठं हाती आल्यासारखा खातो. त्या दिवशी दोघेही ताटावर बसून राहिलो. भात मऊ होता, गोड होता, आणि ताटात तसाच राहिला. समताच्या भिंतीवर तेव्हा एकच पिवळा कागद उरला होता. साठातले पस्तीसच्या वर दिवस गेले होते.

फोनवर ती आता कमी बोलायची. तिची नवी कंपनी थांबायला तयार होती. कंपनीच्या वकीलबाई चांगल्या होत्या, सगळी कागदपत्रं तयार करून बसल्या होत्या, वेबसाइट उघडली की त्याच मिनिटाला दाखल्याचा अर्ज घालू म्हणत होत्या. कुणाचीच काही चूक नव्हती. हेच मला सगळ्यात जास्त छळायचं. टाळेबंदीत निदान ज्याला शिव्या द्यायच्या तो माणूस गाडीतून जाताना दिसायचा.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी फोन उघडला आणि तात्पुरता कायदा पास झालेला होता.

मी तीनदा वाचलं. वरच्या सभागृहात झाला होता, खालच्या सभागृहात झाला होता, सही झाली होती. जानेवारीअखेरीपर्यंतच्या खर्चाला मंजुरी. बंद खाती उघडणार. मंगल देवळीतली धूळ पुसत होती, मी तिला हाक मारली. तिने फडकं तसंच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. मग उठून तिने शिरा केला. सकाळचे पावणेसात वाजले होते. नंतर बागेत बाळूअण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. हात खरखरीत आहेत त्यांचे अजून.

सातला समताचा फोन आला. तीही हसत होती. वकीलबाई जाग्याच होत्या, म्हणाली, उद्या सकाळी वेबसाइट सुरू झाली की अर्ज जाणार. पाच दिवस हातात होते.

मी तिला म्हणालो, झालं आता, काळजी नको.

हे म्हणताना मी खोटं बोलतोय हे मला कळत होतं. कारण आमची टाळेबंदी उठली तो दिवस मला आठवत होता. तेव्हाही तात्पुरताच करार झाला होता, बोलणी चालू राहतील, तोवर काम सुरू करा. आम्ही गुलाल उधळत आत गेलो. आत गेल्यावर टूलरूममध्ये शिरलो तर कुबट वास. यंत्रं गार ठेवणारं कूलंट सडलं होतं, पाण्यावर हिरवी साय धरली होती. लेथच्या बेडवर बोट फिरवलं तर तांबडा गंज बोटाला लागला. बाळूअण्णा त्यांच्या मशीनसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गेट उघडलं म्हंजी मशीन चालत न्हाई रं." आठवडाभर आम्ही नुसतं घासत होतो, पुसत होतो, तेल बदलत होतो. पहिला चांगला जॉब, म्हणजे सुटा भाग, निघायला नववा दिवस उजाडला.

हे मला माहीत होतं. इतके दिवस बंद असलेल्या खात्याच्या दाराशी किती अर्ज तुंबले असतील, हे मला टूलरूमच्या त्या वासावरून कळत होतं. पण मी तिला म्हणालो, झालं आता.

दाखल्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. नंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच की हवेत गारवा आला होता आणि मंगलने माझा स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला होता, तो मी घालत नव्हतो. साठावा दिवस रविवारी आला, तोवर दाखला मिळाला नव्हता, म्हणून मुख्य अर्ज घालता आला नव्हता. तिथली कार्यालयं रविवारी बंद असतात. नेहमीसारखी बंद.

सोमवारी तिने तिकीट काढलं. बाहेरच्या देशातून माणूस बोलवायचा व्याप त्या छोट्या कंपनीला झेपणारा नव्हता, तसं त्यांनी मनापासून वाईट वाटून कळवलं. तिने पलंग, टेबल, गाडी देऊन-विकून टाकली. लिंबाचं झाड खालच्या मजल्यावरच्या एका एकट्या बाईंना दिलं. सात वर्षांचं घर तिने तीन दिवसांत रिकामं केलं. मी पुण्याच्या विमानतळावर आणायला गेलो तेव्हा ती दोन बॅगा ढकलत बाहेर आली. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "पप्पा, स्वेटर का नाही घातला?"

टॅक्सीत ती खिडकीला डोकं लावून झोपली. घराखाली उतरलो तर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, सुट्टीवर आलीस का गं? समता म्हणाली, हो. मी बॅगा उचलल्या आणि जिना चढायला लागलो.

ती आल्यावर चौथ्या दिवशी दाखला आला.

दुपारची जेवणं चालली होती. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत. तिचा फोन वाजल्यासारखा झाला, तिने डाव्या हाताने उघडला, बघितला, आणि ताटाशेजारून माझ्याकडे सरकवला. मी हात धुऊन आलो, चष्मा लावला. मजूर खात्याचा दाखला. मंजूर. तिचं पूर्ण नाव, माझं नाव मधे घालून, बरोबर लिहिलेलं. हुद्दा, गाव, कंपनी, सगळं बिनचूक. इन्स्पेक्शनची सवय असल्यामुळे मी तो शेवटच्या ओळीपर्यंत तपासला. कुठेही खोट नव्हती.

मंगलने विचारलं, काय आहे? मी म्हणालो, तो कागद आला. ती भाकरी थापता थापता थांबली आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला. मग तिला कळलं. तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी उलटली नाही.

त्या संध्याकाळी मी आणि समता नदीच्या बाजूला गेलो. पवनेला पाणी कमी झालं होतं, वर जलपर्णीचा हिरवा थर होता आणि पलीकडच्या पुलावरून हिंजवडीच्या कंपन्यांच्या गाड्यांची रांग हळूहळू सरकत होती. मी तिला कूलंटची गोष्ट सांगितली. म्हणालो, मला माहीत होतं बाळा, लागलीच होणार नाही हे. तरी मी तुला झालं म्हणालो.

ती कठड्यावर कोपर ठेवून पाण्याकडे बघत होती. "मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं, उघडलं तरी आपला नंबर वेळेत लागणं कठीण आहे. तुम्हाला नाही सांगितलं. त्या सकाळी घरात शिऱ्याचा वास येतोय असं मम्मी सांगत होती."

एवढे दिवस आम्ही तिला आणि ती आम्हाला सांभाळत होती. प्रत्यक्ष गोष्टीला कुणाचाच हात लागत नव्हता.

आता ती चाकणच्या एका कंपनीत आहे. दवाखान्याची यंत्रं नाहीत, मोटारींचे सुटे भाग. सकाळी बस पकडते, माझ्याच जुन्या रस्त्याने जाते. काम बरं आहे म्हणते. मी अधिक विचारत नाही. तिच्या खोलीच्या भिंतीवर काहीही चिकटवलेलं नाही. मंगलने एकदा लिंबाचं रोप आणू का म्हणून विचारलं, तर ती नको म्हणाली, आणि आवाज चढला नव्हता तरी मंगलने तो विषय पुन्हा काढला नाही. लोक मला म्हणतात, लेक जवळ आली, बरंच झालं की. घरात तिचा वावर असतो, बाथरूममधून तिच्या गुणगुणण्याचा आवाज येतो, जेवताना तिसरं ताट असतं, आणि मला आनंद होतो. मग त्या आनंदाची लाज वाटते.

तो कायदा तात्पुरता होता. जानेवारीअखेर आली, मुदत संपली, आणि पुन्हा काही खाती बंद पडली. मी त्या दिवशी पेपर गादीखाली सरकवून ठेवला, जणू बातमी फक्त त्या पेपरातच होती. दोन दिवसांनी रविवार होता. मंगल पोहे करत होती, मी कोथिंबीर निवडत होतो. समताचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नसावा, कारण तिने कपाळाला आठ्या घालत उचलला. हॅलो म्हणाली. मग खुर्चीत बसली.

पलीकडून कुणी मुलगी बोलत होती. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता, भरभर, मधेच अडखळणारा. समता ऐकत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती फक्त हं म्हणायची. एकदा म्हणाली, हो, माझंही. एकदा म्हणाली, नाही, तसं काही करता येत नाही. मंगलने पोह्यांची बशी तिच्यासमोर ठेवली. समताने बशी हळूच बाजूला केली, चमच्याचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. पोहे गार झाले. ऊन ओट्यावरून सरकून फरशीवर आलं. आवाज हळूहळू संथ झाला, मग थांबत थांबत येऊ लागला. समताने फोन दुसऱ्या कानाला लावला.

तासाभराने तिने फोन खाली ठेवला.

"कोण होतं?" मंगलने विचारलं.

"माहीत नाही मम्मी. कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला म्हणाली. नगरकडची आहे. साठ दिवसांतले अजून तीन आठवडे आहेत तिच्याकडे."

"मग काय सांगितलंस तिला?"

"सांगण्यासारखं काय आहे माझ्याकडे?" समता म्हणाली. "उद्या पुन्हा करते म्हणाली. मी म्हटलं, कर. सातला कर."